भुयारात मारलेली हाक

“एक मिनिट दिवे जातील,” भुयाराच्या तोंडाशी उभं राहून मृणालने आम्हा सगळ्यांना बजावलं. “आधी भोंगा वाजेल, मग बॉम्बचे आवाज, मग अंधार. लढाईच्या वेळी आतल्या माणसांचं काय होत असेल ते कळावं म्हणून हे करतात. घाबरायचं नाही. ज्यांना नकोच असेल त्यांनी इथे झाडाखाली शहाळं पीत बसा.”

मृणाल आमच्या सहलीची प्रमुख. तिचं बोलणं संपायच्या आत मी म्हटलं, “आम्ही शहाळं पितो.”

“मी आत जाणार,” हे म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. पाणीपुरवठा खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने उंचेपुरे, आवाज असा की जिन्यात बोलले तर गच्चीवर ऐकू जावं. व्हिएतनामची टूम त्यांनीच काढलेली. समुद्रकाठच्या एका खेड्यातल्या लोकांनी आपल्याच गावाखाली भुयारं खणली, वरून विमानं बॉम्ब टाकत असताना सगळं गाव खाली राहिलं, तिथेच चुली पेटल्या, तिथेच पोरं जन्मली, आणि आता तिकीट काढून लोक ते बघायला जातात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. चार दिवसांनी त्यांनी ते मला पुन्हा सगळं नीट सांगितलं. चार दिवस त्यांच्या लक्षात राहिलं, याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच जाऊ या म्हणाले.

कारण त्याच्या काही महिने आधी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, यांची स्मृती जायला लागली आहे. एकदम नाही जाणार. कधी अगदी पूर्वीसारखे असतील, कधी मधेच कुठेतरी हरवतील. तसे ते एकदा हरवलेही होते. कोथिंबीर आणायला गेले आणि दुपारी जुन्या ऑफिसच्या फाटकाशी बसलेले सापडले. हे मला आणि आमच्या मुलीला, मुक्ताला, एवढ्यांनाच माहीत होतं. “आई, निदान टूरवाल्यांना तरी सांग,” ती फोनवर दहादा म्हणाली. मी सांगितलं नाही. एकदा कळलं की लोक काय करतात ते मी माझ्या मामाच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायचे, आणि त्याच्या डोक्यावरून आमच्याकडे बघून हसायचे. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला ते आलेलं मला बघवलं नसतं.

म्हणून मी त्यांना क्षणभरही सोडत नव्हते. हॉटेलात खोलीचा नंबर मी सांगायची, जेवताना समोरच्याचं नाव मी हळूच त्यांच्या कानात घालायची. लोकांना वाटायचं, या वयात काय हे प्रेम. आमच्या बसमध्ये कोल्हापूरचे गुळाचे व्यापारी होते, आजरेकर. ते रोज एकदा तरी म्हणायचे, “वैनी, सोडा की जरा आमच्या दादास्नी. पळून न्हाई जायचे.” सगळे हसायचे. मीही हसायची.

आता हे आत जाणार म्हटल्यावर मलाही जाणं आलं. मला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आल्यापासून मी तिच्यात पाऊल ठेवलेलं नाही, भाजीच्या पिशव्या घेऊन चार मजले चढते. आणि समोर भुयाराचं ते तोंड. कड्याच्या कुशीत एक काळं भोक, त्याला लाकडी चौकट, आणि आतून ओल्या मातीचा गार वास.

“तू बस ग बाहेर,” हे म्हणाले.

“नको. मलाही बघायचंय,” मी म्हटलं.

सगळ्यांत पुढे तिथला गाइड तुआन, त्याच्यामागे काही मंडळी, त्यांच्यात आजरेकरांच्या इंदूताई, मग मी, माझ्यामागे हे, त्यांच्यामागे आजरेकर, आणि मग बाकीचे. वाट एका माणसापुरती. मी बुटकी असून मला मान वाकवावी लागत होती. मातीच्या भिंती हाताला ओलसर लागत होत्या. वर लांब लांब एकेक पिवळा दिवा. दोन्ही बाजूंना माणसं दाटीने बसतील एवढे कोनाडे खणलेले, एका कोनाड्यात एक कुटुंब राहायचं म्हणे. त्यात आता माणसांचे पुतळे बसवले होते. मांडीवर पोर घेतलेली आई, रॉकेलची चिमणी धरलेला म्हातारा, गुडघ्यात मान घातलेली मुलगी. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. मी पुढच्या बाईच्या चपलांवर नजर ठेवून चालत होते आणि मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते, तीही मधेच चुकत होती.

यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि हे अगदी खुशीत होते. “हवा कुठून येतेय बघ. वर भोक ठेवलंय, धुराड्यासारखं. आणि उतार बघितलास का? पावसाचं पाणी आपोआप समुद्राकडे जाणार. शाळा न शिकलेल्या लोकांनी केलंय हे.” इतकं सलग, इतकं नेमकं ते कित्येक आठवड्यांत बोलले नव्हते. त्या बिळात, भीतीने घामाघूम झालेली असताना, मला क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात भोंगा वाजला.

खाली येणारा, वर चढणारा, पुन्हा खाली येणारा तो आवाज भिंतींतून अंगात शिरला. मग धाडकन आवाज झाला, पायाखालची जमीनही हलल्यासारखी वाटली, कुणीतरी बाई किंचाळून मग हसली, आणि दिवे गेले. डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळू नये असा अंधार. माझ्या खांद्यावरचा हात निघाला होता.

“अहो,” मी म्हटलं.

“हं.”

“आहात ना?”

“हं.”

मी हात मागे केला. मागून तो कुणीतरी धरला, घट्ट. माझ्या जिवात जीव आला. धडाम धडाम चालूच होतं. मी तो हात असा आवळून धरला की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. मग दिवे आले, पुढची रांग हलली आणि मी निघाले. तिथून वाट इतकी ठेंगणी होती की जवळजवळ ओणवंच चालावं लागत होतं. मागे वळून बघायला जागा नव्हती आणि मला वळायचंही नव्हतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं. तो हात मी सोडला नाही.

बाहेर समुद्र होता, लख्ख ऊन होतं. मी कंबर सरळ केली आणि मागे बघितलं. माझा हात आजरेकरांच्या हातात होता.

“आवो, वैनी?” आजरेकरांनी चटका बसल्यासारखा हात सोडला. “मला वाटलं आमच्या मंडळीच हायत. आवो म्हटलं, म्हनून हं म्हटलं.”

इंदूताई खो खो हसायला लागल्या. “बघा, तीस वर्सांत माझा हात धरला न्हाई असा.” सगळेच हसले. कुणीतरी फोटोसुद्धा काढला.

“हे कुठे आहेत?” मी विचारलं.

आजरेकरांच्या मागून एकेक जण बाहेर येत होतं, डोळे चोळत, कपडे झटकत. शेवटचा माणूस बाहेर आला. हे त्यात नव्हते.

“भोंगा वाजला तवा माझ्या म्होरं दादाच हुते,” आजरेकर म्हणाले. “मग अंधारात म्होरं सरकलो तर तुमचा हात लागला. दादा मधनं कुटं गेले?”

तुआनने हातानेच आकृती काढत सांगितलं की भुयाराला आणखी तोंडं आहेत, खाली आणखी एक मजला आहे, मधे विहीरही आहे. तो म्हणाला, मी खालच्या मजल्यावर बघून येतो. मृणालने माझ्या पाठीवर हात ठेवला. “काकू, काका फोटो काढत मागे राहिले असतील. येतीलच. पुढचा ग्रुप थोड्या वेळाने आत जाईल, त्यांच्याबरोबर बाहेर पडतील.”

“त्या ग्रुपला सोडू नको म्हणून सांग. भोंगा वाजवू नको म्हणावं.”

“सांगते. पण एवढं काय घाबरताय? काका काय लहान आहेत?”

त्या वेळी तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर तिने पळापळ केली असती, वीस माणसं शोधायला लावली असती. पण ती माणसं सगळी माझ्याकडे बघत होती आणि हसणं अजून त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी त्यांच्याकडे पाठ केली. फोनचा टॉर्च लावला आणि जिथून बाहेर आले होते त्याच भोकात परत शिरले.

“थांबा वैनी,” मागून आजरेकर वाकून आत आले. “दादास्नी सोडून तुमास्नी मीच आनलंय. येतो मी.”

मघाशी पुढे माणसं होती, मागे माणसं होती. आता माती होती आणि आमचे दोघांचे श्वास. पन्नास घागरी डोक्यावर ठेवल्यासारखं त्या छताचं ओझं मानेवर येत होतं. वाटलं, यांच्याआधी मीच इथे राहणार.

“अहो,” मी हाक मारली. “अहो, कुठे आहात?”

भुयाराने ती हाक गिळली. थोडं पुढे गेल्यावर उजव्या हाताला विहीर लागली. तिच्याभोवती बांबूचं कुंपण होतं, पण गुडघ्याएवढं. आयुष्यभर पाण्याचं काम केलेला माणूस, विहीर दिसली की वाकून बघणारच. मी टॉर्च आत धरला. खूप खाली काळं पाणी होतं आणि त्यात माझ्याच टॉर्चचा ठिपका थरथरत होता. कितीतरी वेळ मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. पाणी संथ होतं. आजरेकरांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं.

“अहो,” मी पुन्हा ओरडले.

“ओ,” आजरेकर सवयीने म्हणाले, आणि मग ओशाळले. “वैनी, नावानं हाक मारा की. आवो म्हटल्यावर आमी सगळेच ओ देतोय.”

बोलणं सोपं होतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, यांचं नाव मी घेतलं होतं ते उखाण्यात, तेही मोजून दोनचारदा. सासूबाई होत्या तोवर प्रश्नच नव्हता, नंतर सवय मोडली नाही. आता जीव जायची वेळ आली तरी माझी जीभ रेटेना. शेवटी मी ओरडले, “टिपणीस! ओ टिपणीस!” ऑफिसातल्या साहेबाने शिपायाकरवी बोलवावं तसं. आजरेकर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

उत्तर आलं नाही.

“काय झालं आसंल दादास्नी?” आजरेकर पुटपुटले. “गडी तर ढान्या वाघ. भोंग्याला काय भ्यायचा न्हाई.”

भोंगा म्हटल्याबरोबर मला सासूबाई आठवल्या. पासष्ट सालची लढाई झाली तेव्हा हे आठ वर्षांचे, ठाण्याला राहत होते. भोंगा वाजला की घरोघर दिवे मालवायचे, काचांना काळे कागद चिकटवलेले. शाळेत मुलांना शिकवलं होतं, भोंगा झाला की आडोशाला जायचं, कानात बोटं घालायची आणि दातांत रुमाल धरायचा. “हा मेला पलंगाखाली जाऊन बसायचा,” सासूबाई सांगायच्या. “सगळं शांत झाल्याचा दुसरा भोंगा झाला, शेजारीपाजारी बाहेर येऊन गप्पा मारायला लागले तरी हा आतच. कुणी बोलावलं तरी यायचा नाही. मी स्वतः खाली वाकून सांगितलं तरच यायचा.”

मी थबकले. आम्ही वाटेवर शोधत होतो. कोनाड्यांत कुणी बघितलंच नव्हतं.

“भाऊ, मागे फिरा,” मी म्हटलं.

आम्ही उलटे आलो. आता मी प्रत्येक कोनाड्यात टॉर्च मारत होते. प्लास्टरचे चेहरे एकेक करून उजेडात यायचे, रंगवलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा अंधारात जायचे. म्हातारा. मुलगी. रिकामा कोनाडा. कंदमुळं सोलणारी बाई. आणि नेमका त्याच वेळी भोंगा पुन्हा वाजला. मृणालचा निरोप पोचला नसावा, किंवा पलीकडच्या तोंडाने दुसरा ग्रुप आधीच आत शिरला असावा. कान फाटतील असा आवाज, मग धडाका, आणि वरचे दिवे गेले.

मांडीवर पोर घेतलेल्या त्या पुतळ्याच्या मागे, भिंतीशी अंगाची जुडी करून हे बसले होते. एवढा मोठा माणूस तेवढ्याशा जागेत कसा मावला होता देव जाणे. गुडघे छातीशी, दोन्ही कानांत बोटं, दातांत रुमालाचा बोळा. मघाशी मी यांच्यासमोरूनच गेले होते. टॉर्चचा उजेड तोंडावर पडला तसे ते आणखी आत सरकले. त्या डोळ्यांत मी कुठेही नव्हते. ते मला ओळखत नव्हते एवढंच नाही, ते मला भीत होते.

“अहो, मी आहे. शरयू.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

मला आजवर पुष्कळ गोष्टींची भीती वाटली आहे, पण त्या क्षणी वाटली तशी नाही. पस्तीस वर्षं ज्या हाकेला उत्तर आलं होतं, तिला ओ देणारं तिथे कुणी नव्हतं.

मी टॉर्च खाली ठेवला आणि कोनाड्यात शिरले. डोकं वर टेकलं, खांदा पुतळ्याला, गुडघे यांच्या गुडघ्यांना. श्वास घ्यायला जागा नव्हती. वरून धडाम धडाम चालू होतं आणि प्रत्येक आवाजाला यांचं अंग उडत होतं. मी त्यांचं मनगट धरलं, हळूहळू एका कानातलं बोट काढलं आणि त्या कानाशी तोंड नेलं.

“दिगू,” मी म्हटलं. “दिगू, झालं हं सगळं. ये बाहेर.”

त्यांनी रुमाल तोंडातून काढला.

“दुसरा भोंगा झाला?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, विचारणारं कुणीतरी दुसरं होतं.

“झाला.”

“विमान गेलं?”

“गेलं.”

“आई, दिवा लाव.”

मी टॉर्च उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आवाज थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते. आजरेकर वाटेवर आमच्याकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे करून उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

बाहेर आलो तेव्हा सगळे धावत आले. हे उन्हात डोळे बारीक करून बघत होते, केसांत माती होती. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, त्याआधी आजरेकरच म्हणाले, “दादा फोटू काडत बसलेवते पुतळ्यांचे. फोन पडला, तो हुडकत हुते. आन् आमी हितं बोंबलतोय.” मृणाल हसली, बाकीचे हसले. इंदूताईंनी यांच्या हातात तिथे चाखायला देतात त्या उकडलेल्या कंदाचं ताट दिलं. यांनी एक तुकडा दाण्याच्या कुटात बुडवून खाल्ला आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, “ह्याचाच आपण साबुदाणा करतो. म्हणजे आज आपला उपास घडला.” सगळ्यांना ते आवडलं.

झाकलं गेलं होतं. आजरेकरांकडून ते कधी बाहेर पडलं नसतं, याची मला खात्री आहे. पण बसमध्ये चढताना मृणालने आम्हाला मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कुठल्या बाजारात जाणार आहोत, मग बोटीत, मग आणखी एका डोंगरातल्या गुहेत, ते वाचून दाखवलं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर येत होती. बस सुटल्यावर मी उठले, पुढे गेले आणि मृणालच्या हातातला माइक मागितला. तिला वाटलं, मी गाणं म्हणणार.

“मी शरयू टिपणीस,” मी म्हटलं. माझा आवाज त्या भोंग्यासारखा खालीवर होत होता. “माझे यजमान, दिगंबर वामन टिपणीस. त्यांना आजार आहे. कधीकधी त्यांना आठवत नाही. आपण कोण, कुठे आलोय, मी कोण. आज ते फोटो काढत नव्हते. ते भुयारात घाबरून बसले होते आणि मी एकटी त्यांना शोधू शकले नसते. ते कुठे एकटे दिसले तर त्यांना सोडू नका. त्यांना दिगू म्हणून हाक मारा. मोठ्याने बोलू नका, त्यांना ऐकू उत्तम येतं.”

आजरेकर खिडकीबाहेर बघत होते. इंदूताई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी माइक परत दिला आणि यांच्याकडे न बघता जागेवर येऊन बसले. मी त्यांना विचारलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांचं झाकलेलं उघडं केलं होतं, आणि ते आता पूर्ण शुद्धीवर होते.

बाहेर भाताची खाचरं मागे जात होती.

“पस्तीस वर्षांनी नाव घेतलंस,” ते शेवटी म्हणाले. “आणि उखाणा नाही त्यात.”

“सुचला नाही.”

“आत मी तुला काय म्हटलं?”

मी सांगितलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं, बांगड्या रुतून तिथे वळ उठले होते. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“तुला तर लिफ्टची भीती वाटते,” ते म्हणाले.

“हो.”

“पुढे पुढे अहो म्हटल्यावर मी ओ देणार नाही शरू. तेव्हा आईसारखं दिगू म्हण.”

“आणि दिगू म्हटल्यावरही नाही दिलीत तर?”

ते विचार करत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं, प्रश्नच विसरले.

“तर आत ये,” ते म्हणाले. “आज आलीस तशी.”